तोकुजी आणि तिसरा दोर

तोकुजी उसुझावाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खून करत होता, अशी माझी खात्री होती. नूडल्सच्या दुकानाचा घरजावई होऊन मी या गावात नुकताच आलो होतो. शेजारच्या शेडमधून गर्जना ऐकू आली, "तीस वर्षं तुला पोसलं! तेल पाजलं! आणि ऐन वेळी दगा? थांब, नरडंच उघडतो तुझं!" हातातली पळी उगारून मी धावलो. आत पाण्याच्या पिंपावर होडीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन टांगलेलं होतं आणि तोकुजी त्याचा कार्बोरेटर उपसत होता.

"बघत काय उभे, जावईबुवा? बॅटरी धरा!"

ती मी पुढे कित्येक वर्षं धरली.

तोकुजीला राग येत नसे. लोक घरात राहतात तसा तो रागात राहत असे. हवामान खातं, समुद्री पक्षी, टपाल, माझं सूप, सगळ्यांवर त्याचा दात होता. पण त्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या रागाला कारण होतं.

आमच्या खाडीत उनी, म्हणजे तळाच्या खडकांना चिकटलेले काटेरी गोळ्यांसारखे खाण्याचे जीव, काढायची परवानगी वर्षातल्या मोजक्याच सकाळी मिळते. पहिला भोंगा वाजला की होड्या सुटतात. दुसरा वाजला की उनी उचलायचे सगळ्यांचे लांब आकडे पाण्याबाहेर. अशा मोलाच्या वेळात तोकुजीचं इंजिन खाडीत दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाला, ओइकावाला, स्वतःची उनी सोडून त्याला दोर बांधून ओढत आणावं लागलं.

ओइकावाने सगळ्यांदेखत बजावलं, "तोकुजीसान, तिसऱ्यांदा दोर लागला तर होडीची परवान्याची पाटी संस्थेत जमा करा. सत्तरी उलटली. घरी बसा आता."

"घरी बसून काय करू? मुळे लावू?" तोकुजी ओरडला. आवाज चिरका झाला होता. पाटी गेली की समुद्र नुसता बघायचा, हे त्यालाही कळत होतं.

रोग विचित्र होता. पहिल्या ओढीत इंजिन सुरू व्हायचं, धक्क्याच्या टोकापर्यंत गुणगुणत जायचं आणि तिथे उचकी देऊन मरायचं. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला की चार श्वास घ्यायचं, पुन्हा मरायचं. तोकुजीने प्लग बदलले, जाळी धुतली, नळी नवी घातली, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत फुंकून फुंकून ओठ सोलून घेतले. शेडमध्ये मात्र ते शहाण्या मुलासारखं चालायचं.

"शेडमध्ये ते छोट्या डब्यावर चालतं," मी एकदा धीर करून म्हणालो. "होडीत मोठी टाकी असते. दोष टाकीत नसेल?"

"टाकी म्हणजे भांडं! भांड्यात काय बिघडतं? तुमचं पातेलं कधी बिघडलंय?"

"सूप खारट होतं कधीकधी."

"तो तुमचा दोष!"

ती मोठी टाकी रात्री घरात, चपलांशेजारी झोपायची. शेडमधून पेट्रोल चोरीला जातं असा त्याचा संशय होता आणि संशयित म्हणजे अख्खं गाव.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी तोकुजीची बायको फुसाए वल्ही घेऊन त्याच्याबरोबर निघाली. मी धक्क्यावर सूप विकत होतो. भोंगा झाला, होड्या सुटल्या आणि धक्क्याचं टोक ओलांडताच तोकुजीचं इंजिन मेलं. ओइकावाचा हात दोराकडे गेला. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. पुढचं सगळ्या खाडीने ऐकलं.

"अहो, ही टाकी अशी का दिसतेय? गाल बसलेल्या म्हातारीसारखी?"

"टाकीला हात लावू नकोस!"

"रोजच तर लावते. झाकणावरचा तो स्क्रू आवळते. नाहीतर घरभर वास सुटतो."

तो स्क्रू टाकीत हवा घेण्यासाठी असतो. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही.

"तो मी सैल केला होता! कायमचा!"

"आणि मी आवळते. रोजचा."

तोकुजीने स्क्रू फिरवला. टाकीने मोठा उसासा टाकला, इंजिन गरजलं, ओइकावाने दोर खाली ठेवला.

इथे एखादा माणूस हसला असता. तोकुजी काचेच्या तळाच्या पेटीतून पाण्यात बघत, आकड्याने उनी उचलत, सकाळभर भांडला. "अख्खा उन्हाळा! गावभर अब्रू गेली माझी!"

"आणि माझं नाक? त्याला अब्रू नाही?"

प्रत्येक शिवीबरोबर एक उनी वर येत होती. एवढा भरलेला हारा त्या दिवशी कोणाचाच नव्हता.

दुसरा भोंगा वाजला. सगळे आकडे वर आले, एक सोडून.

"अहो, भोंगा..."

"विषय बदलू नकोस!"

आणि सगळ्या खाडीसमोर त्याने आणखी एक टपोरी उनी वर काढली.

धक्क्यावर कोणी हसलं नाही. ओइकावा मान खाली घालून म्हणाला, "दोर लागला नाही, तोकुजीसान. पण भोंग्यानंतरची उनी..."

त्या गुन्ह्याला दुसरी संधी नाही. हा नियम तरुणपणी, चोरट्यांवर चिडून, टेबल बडवून तोकुजीनेच करून घेतला होता. त्याने स्वतःच्या हाताने पाटी उतरवून दिली.

इंजिन आता ओइकावाचा पुतण्या वापरतो. ते बंद पडत नाही. तोकुजी मुळे लावतो. मुळ्यांना कीड लागते.