हवा समितीचा पहिला आणि शेवटचा ठराव

विश्रांतवाडीच्या हवेची जबाबदारी माझ्यावर कोणीही टाकली नव्हती.

ती मी आपणहून घेतली. झालं असं, की आमची मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिने माझ्या फोनमध्ये हवेची खबर देणारं एक ॲप घालून दिलं. हेतू साधा होता. बाळाला बाहेर कधी न्यायचं आणि कधी नाही, हे आजोबांना कळावं. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन किणकिणला: 'आज आपल्या भागातील हवा संवेदनशील व्यक्तींसाठी अयोग्य आहे.' मी तो संदेश हिला मोठ्याने वाचून दाखवला. चौतीस वर्षांच्या संसारात मला कोणी संवेदनशील म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती.

ही म्हणाली, "मग आता दूध आणायला मी जाऊ का?"

पुढे नात झाली. पाळण्यात झोपली की तिची एवढीशी छाती भराभर वरखाली व्हायची आणि मी ते बघत बसायचो. आळंदी रस्त्यावरच्या डंपरांचा धूर या छातीत जाणार, या विचाराने मला खरोखर भीती वाटायला लागली. (पुढे मी जे जे केलं ते या भीतीपोटी केलं, एवढं कृपया ध्यानात ठेवा. माझ्या बाजूने बोलण्यासारखं या हकिकतीत दुसरं काही नाही.)

सोसायटीच्या सेक्रेटरी नेहा मॅडम कुठल्याशा आयटी कंपनीत आहेत. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. त्यांच्यापुढे मी हवा समितीची कल्पना मांडली.

"चालेल काका. समितीत कोण कोण?"

"सध्या मी."

"आणि अध्यक्ष?"

"तोही सध्या मीच."

पहिल्या महिन्यात समितीने चांगली कामं केली, हे माझे शत्रूही मान्य करतील. झाडलेला पाला जाळणं बंद झालं आणि मागच्या बाजूला कंपोस्टचा खड्डा आला. सकाळी पावणेनऊ ते सव्वादहा मी 'गाडी थांबली, इंजिन बंद' असा पुठ्ठा धरून गेटवर उभा राहू लागलो. शाळेच्या व्हॅनवाल्याने तर मला लांबूनच बघून इंजिन बंद करायची सवय लावून घेतली. (गाडी उतारावरून तशीच घरंगळत यायची, तो भाग वेगळा.)

मग मी घराकडे वळलो. उदबत्ती बंद केली. धूप बंद केला. लाल मिरचीची फोडणी द्यायची तर आधी मला सांगायचं, असा नियम केला. कंपोस्टच्या खड्ड्यासाठी म्हणून घरातल्या नारळाच्या करवंट्या आणि माळ्यावरच्या चार गोवऱ्या मी उचलून नेल्या. त्या दिवशी ही आणि बाळाला मालिश करायला येणाऱ्या सरूबाई एकमेकींकडे बघून गप्प बसल्या. मला वाटलं, पटलं. बायका एकदम गप्प बसल्या की आपलं म्हणणं पटलं, असं समजणाऱ्या पुरुषांपैकी मी एक आहे.

त्यानंतर सोसायटीने हवा मोजणारा मीटर घेतला. तो कुठे लावायचा यावर चर्चा होण्यापूर्वीच मी तो आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लावून टाकला. अध्यक्षाच्या नजरेखाली असलेला बरा. हवा चांगली असली की तो हिरवा, बिघडली की पिवळा, मग लाल आणि अगदीच हाताबाहेर गेली तर जांभळा. लाल झाला की सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आपोआप जायचा.

आणि तो रोज लाल व्हायला लागला. बरोबर सव्वानऊ-साडेनऊला!

मी गेटवर पुठ्ठा धरून उभा असायचो आणि खिशात फोन वाजायचा. रस्त्यावर तर काही नाही. पाला कोणी जाळत नाही. मग हा धूर येतो कुठून? मी मान वळवली आणि आमच्या विंगच्या जिन्याखाली मला वानखेडे दिसले. लोखंडी इस्त्रीत कोळसे घालून ते पुठ्ठ्याने वारा घालत होते.

वानखेडे यवतमाळकडचे. आमच्या जिन्याखाली त्यांचं इस्त्रीचं टेबल अकरा वर्षांपासून आहे. माणूस इतका शांत, की सदऱ्याची कॉलर जळली तर आपल्यालाच त्याची समजूत घालावी लागते. रोज नऊला ते कोळसा पेटवायचे आणि सव्वानऊला माझा मीटर लाल. आता यात शोधायचं काय राहिलं?

तरी मी घाई केली नाही. माणूस न्यायी आहे मी. आठ दिवस वहीत नोंदी ठेवल्या. आणि नवव्या दिवशी दैवाने पुरावा हातात आणून दिला. वानखेडे पुतणीच्या साखरपुड्याला गावी गेले. दोन दिवस जिन्याखाली इस्त्री नाही, आणि दोन दिवस मीटर सबंध सकाळ हिरवागार! तिसऱ्या दिवशी ते परत आले, नऊला कोळसा पेटवला, साडेनऊला मीटर लाल. मी वही मिटली.

ही स्वयंपाकघरात होती. तिला मी म्हटलं, "वानखेडे नसले की हवा शुद्ध असते. सिद्ध झालंय."

ही जरा थबकली. "अहो, कशाला त्या गरिबाच्या मागे लागता? दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"दोन महिन्यांचा का?"

"असंच म्हटलं," म्हणून तिने कुकर लावला.

शनिवारी सोसायटीची सभा झाली. मी ठराव लिहून नेला होता. त्यात वानखेड्यांचं नाव कुठेही नव्हतं. कोणाचं नाव घेऊन लिहिणं मला प्रशस्त वाटत नाही. सदाशिव पेठेत वाढल्यामुळे माणसाला घराबाहेर काढायचं तरी सभ्य भाषेत, असं वळण आहे. मी लिहिलं होतं: 'ज्या जागेतून निघणाऱ्या धुरामुळे मीटर लाल होतो, त्या जागेच्या धारकास पंधरा दिवस सकाळी नऊ ते बारा या वेळेत आवारात थांबण्यास मनाई राहील. सुधारणा न दिसल्यास ही मनाई कायम होईल.'

मी ठराव वाचून दाखवला आणि पुरावा म्हणून वही नेहा मॅडमच्या हातात दिली. नऊ ते बारा ही ऑफिसच्या कपड्यांची वेळ. ती गेली की वानखेड्यांकडे उरणार पडदे आणि चादरी, हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. सभेला मी घातलेला सदरा त्यांनीच इस्त्री केलेला होता आणि तो मला पाठीत जरा टोचत होता. पण मी नातीची छाती डोळ्यांसमोर आणली.

नेहा मॅडम म्हणाल्या, "काका, डेटा ठीक आहे, पण फक्त दोन दिवस ते नव्हते. सॅम्पल छोटं आहे."

"उद्या सकाळी सव्वानऊला माझ्या गॅलरीत या सगळे. डोळ्यांनी बघा."

"ओके. उद्या लाइव्ह दिसलं तर ठराव लागू."

हात वर झाले. ठराव मंजूर.

प्रात्यक्षिकाची गोष्ट मी घरात मुद्दाम सांगितली नाही. ही बोलली असती, तिचं बोलणं जिन्याखाली पोचलं असतं आणि आरोपी सावध झाला असता. गुप्तता म्हणजे गुप्तता. सभेला आलेल्या मंडळींनाही मी तोंडावर बोट ठेवून निरोप दिला.

रविवारी सव्वानऊला सात माणसं आमच्या दारात हजर झाली. मी दार उघडल्याबरोबर आतून हिचा आवाज आला, "अहो, तुम्ही गेटवर नाही गेलात?" तो आवाज नेहमीचा नव्हता. मी सगळ्यांना गॅलरीत नेलं. मीटर हिरवा होता. खाली वानखेडे वारा घालत होते.

"आता बघा," मी म्हटलं.

आम्ही बघत राहिलो. पाच मिनिटं झाली, मीटर हिरवाच. खाली इस्त्री चांगली धगधगायला लागली होती, तरी हिरवाच. कोणीतरी घड्याळ बघितलं. नेहा मॅडम गॅलरीतल्या कुंड्या निरखू लागल्या, आणि ते जास्त झोंबलं. मी मीटरवर दोन टिचक्या मारल्या.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. ही आतून ओरडली, "मी बघते, मी बघते!" पण तोवर मी दार गाठलं होतं.

दारात वानखेडे उभे होते. हातात तारेची मूठ लावलेला पत्र्याचा डबा आणि डब्यात लालभडक निखारे.

मला बघून ते दचकले. पण काम ते काम. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत आवाज दिला, "वयनी, निखारे आनले जी. आज कोळसा जरासा वला व्हता, म्हून येळ झाला."

माझ्यामागे गॅलरीतून आलेली सातही माणसं होती.

मी विचारलं, "निखारे? कशाला?"

"लेकराच्या धुरीले," वानखेडे म्हणाले. "रोजच आनतो ना साहेब. दोन दिस मी गावाले गेलो व्हतो त लेकराची धुरी राहूनच गेली. मले मोठी चुटपुट लागली व्हती."

दोन दिवस, मीटर हिरवा, वहीतली नोंद! माझ्या डोक्यात एकेक खिळा ठोकला जात होता.

मागच्या खोलीतून सरूबाई बाहेर आल्या. काखेत टॉवेलात गुंडाळलेली माझी नात, न्हाऊन लालबुंद. त्यांनी गर्दीकडे ढुंकूनही बघितलं नाही. "आनला का इस्तव? आना हिकडं. पोरगी गारठाया लागली हाय." त्यांनी डबा घेतला, निखारे शेगडीत ओतले, वरून ओवा, बाळंतशेपा आणि मूठभर धूप टाकला. ढगासारखा धूर उठला. हिने सवयीने पंखा सुरू केला आणि खिडकी उघडली, म्हणजे वास घरात राहू नये आणि मला कळू नये. खिडकी गॅलरीत उघडते. गॅलरीत मीटर.

मीटर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. लाल झाला. आणि मग, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, जांभळा झाला. सात जणांच्या खिशात सात फोन एकदम वाजले: 'बी विंग, दातार, फ्लॅट दोनशे तीन. हवा अत्यंत धोकादायक.'

"लाइव्ह दिसलं," नेहा मॅडम म्हणाल्या.

मी हिच्याकडे बघितलं. "हे रोज चालतं?"

"मग काय करू? करवंट्या तुम्ही नेल्यात, गोवऱ्या तुम्ही नेल्यात. सरूबाई म्हणाल्या, धुरीशिवाय बाळाची अंघोळ मी करणार नाही. तुम्ही गेटवर गेलात की उरकायचो."

"आणि मला वास कसा आला नाही?"

मुक्ता आतल्या खोलीच्या दारातून म्हणाली, "बाबा, तुम्हीच परवा म्हणालात, लहान बाळांना ओव्याचा छान वास असतो म्हणून."

म्हटलं होतं खरं. तिला छातीशी धरून, डोळे मिटून म्हटलं होतं.

"डॉक्टरांनी धुरी नको म्हणून सांगितलंय," मुक्ता पुढे म्हणाली. "मी दोघींना रोज सांगतेय. मला वाटलं, तुमची समिती आहे, तुम्ही कधीतरी घरातही बघाल."

हे मात्र मला लागलं. ज्या छातीसाठी मी गावभर पुठ्ठा घेऊन हिंडलो, तिच्याखालीच रोज शेगडी ठेवली जात होती, आणि शेगडीचा निखारा आणणाऱ्या माणसाला मी हाकलायला निघालो होतो. मी वानखेड्यांना म्हटलं, "चुकलो हो वानखेडे. माफ करा."

त्यांना काय चुकलं तेच कळेना. "कायले माफी, साहेब? लेकराचं काम आहे."

मग पुढचं झटपट झालं. सरूबाईंनी कुरकुर करत धुरी सोडली आणि तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीवर तडजोड केली. सोसायटीने जिन्याखाली विजेचा पॉइंट काढून दिला आणि वानखेड्यांची इस्त्री विजेवर आली. पण त्या रविवारी निघताना नेहा मॅडमनी एक आठवण करून दिली, "काका, ठराव मंजूर आहे."

"पण तो वानखेड्यांसाठी होता."

"नाव नाहीये त्यात. 'जागेचा धारक' लिहिलंय."

मी आशेने हिच्याकडे बघितलं. धूर काही मी केला नव्हता.

ही म्हणाली, "फ्लॅट यांच्या एकट्याच्या नावावर आहे."

तेव्हा पंधरा दिवस सकाळी नऊ ते बारा मी गेटच्या बाहेर. पहिल्या दिवशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी वानखेड्यांनी त्यांचं स्टूल आणून दिलं. "बसा साहेब, मले आता उभ्यानंच बरं वाटते." शाळेची व्हॅन यायची, इंजिन बंद करून घरंगळत जायची आणि आतली मुलं मला हात करायची.

पंधरा दिवस मी फोन उघडून बघत होतो. मीटर नऊ ते बारा रोज हिरवागार, एकदाही पिवळासुद्धा झाला नाही. सोळाव्या दिवशी मी आत जायला निघालो, तर नेहा मॅडमनी मला माझीच वही दाखवली. शेवटच्या पानावर त्यांनी नवी नोंद केली होती: दातार आवारात नसले की हवा शुद्ध असते. आणि या वेळी सॅम्पल पंधरा दिवसांचं होतं.