व्याह्यांच्या गाडीचा भोंगा

रायपूरजवळच्या आमच्या पोलाद कारखान्याच्या शहरात, वैशाली नगरातलं एक घर रिकामं होत होतं. म्हातारे नवरा-बायको मुलाकडे राहायला निघाले होते आणि जुनं सामान उचलायला त्यांनी मला बोलावलं होतं. जुन्या जीपचे, ट्रकचे सुटे भाग विकणं हा माझा धंदा. जोडीला असं सामानही घेतो. मागच्या व्हरांड्यात खिळ्याला एक काळपट हिरवी कुंडी टांगलेली होती आणि तिच्या तोंडातून मनीप्लांट खाली लोंबत होता. कुंडीच्या मागं नळीचं वेटोळं होतं. ते दिसलं आणि मी लगेच तोंड फिरवून बंद पडलेल्या पाण्याच्या पंपाकडे बघायला लागलो. जी वस्तू पाहिजे तिच्याकडे बघायचं नाही, हे मला कोणी शिकवलेलं नाही, पदरचं घालवून शिकलो आहे. पंपावरून बराच वेळ घासाघीस केली, पंप घेतला, आणि निघता निघता म्हणालो की ही कुंडीही टाका त्यात. काकूंनी झाड तेवढं काढून घेतलं.

ती कुंडी म्हणजे जुन्या मोटारीचा पितळी भोंगा होता. रबरी फुगा दाबला की वाजणारा. फुगा कधीच गळून गेला होता, पण कर्णा, नळी आणि गाडीला बसवायची पकड शाबूत होती. असा माल विकायला मला एक फोन पुरतो. पण हा विकायचा नाही, हे मी पंप टेम्पोत चढवतानाच ठरवलं. हा माझ्या व्याह्यांना दाखवायचा होता.

व्याही स्मृती नगरात राहतात. कारखान्यातले मोठे अधिकारी, आता निवृत्त. त्यांच्या पोर्चमध्ये एक जुनी इंग्रजी मोटार आहे. तिचं सगळं त्यांनी शोधून शोधून जमवलं होतं, फक्त भोंगा मिळत नव्हता. आणि माझा त्यांच्यावर राग होता. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी आपल्या मित्रांशी माझी ओळख करून दिली ती अशी: “हे मुलीचे वडील. यांचं कबाडीचं काम आहे.” मित्र हसले. मी कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून कारखान्यात लागले होते. मला तिथं नोकरी मिळाली नाही, म्हणून सायकलच्या कॅरिअरला गिअरबॉक्स बांधून धंदा उभा केला. कबाडी, म्हणजे भंगारवाला, या शब्दाची मला लाज नाही. पण त्या दिवशी मी त्यांचा व्याही होतो, आणि ‘व्याही’ हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही. लग्न झालं, नातू झाला, तरी नाही. बायको म्हणते, “तुमी अजून तेच घेऊन बसले.” बसलो आहे.

भोंगा दुरुस्त करायला घेतला तेव्हा नळीत माती आणि मुळं घट्ट भरलेली होती. तारेनं ती उकरून काढली. फुग्याच्या बाजूचा जोड जाम होता. रॉकेल सोडून, थोडी धग देऊन तो सुटला. आत पितळेची पातळ पत्ती असते, हार्मोनियमच्या आत असते तशी. भोंगा बोलतो तो तिच्यामुळं. हिरवी पडली होती, पण मोडलेली नव्हती. कर्ण्याचा पोचा मी आतून लाकडी मुसळ फिरवून बसवला. फुगा रायपूरहून आणला. पहिल्यांदा दाबला तर सर्दी झालेल्या बकरीसारखा आवाज आला. पत्ती काढून केसभर वाकवली, परत लावली. असं बरेचदा केलं, बऱ्याच शिव्या दिल्या, आणि मग एकदाचा तो असा भरदार बोलला की शेजाऱ्यांचा कुत्रा खाटेखाली गेला.

सगळं छान झालं होतं. तेवढ्यात दिवाळीची भांडी निघाली आणि बायकोनं समईसोबत भोंगाही चिंच-राख लावून घासून काढला. म्हातारं पितळ ज्या काळपट रंगावरून ओळखतात तो सगळा मोरीतून वाहून गेला. मी घर डोक्यावर घेतलं. ती म्हणाली, “पितळ काय काळं ठेवतेत? समई लावता का तशी देवापुढं?” मी आणखी थोडा ओरडलो.

तसाच चकचकीत भोंगा घेऊन मी स्मृती नगरात गेलो. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. चष्मा लावून, भोंगा फिरवून बघून ते म्हणाले, “इवाई, हा तर शोपीस आहे. जुनं पितळ असं चमकत नाही. तुमाले कोणीतरी फसवलं.”

चारचौघांत नाही म्हणून काय झालं, घरात मात्र त्यांनी मला इवाई म्हटलं होतं. पण पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं. मला फसवलं म्हणजे? चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली. तिचा चेहरा बघून मी आवाज आवरला. म्हणालो, तुमच्या गाडीचा एक मूळचा बोल्ट आणा आणि एक बाजारातला नवा आणा.

दोन्ही त्यांच्या डब्यात होते. भोंग्याच्या पकडीत बोल्टाची जागा रिकामीच होती. नवा बोल्ट लावला, तो एक वेढा फिरून अडकला. मग गाडीचा मूळचा बोल्ट त्यांच्याच हातात दिला. तो नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत आत गेला.

“नवा शोपीस करणारा माणूस आतले आटे जुन्या इंग्रजी मापाचे कावून पाडन?” मी विचारलं.

त्यांनी फुगा दाबला. पुन्हा दाबला. मग पैसे किती, असं विचारलं.

मी म्हणालो, पैसे नकोत. आता जुन्या गाड्यांचा मेळावा येतो आहे, तिथं लोकांसमोर माझी ओळख ‘व्याही’ म्हणून करून द्यायची. ते म्हणाले, एवढंच ना, नातेवाईक म्हणतो. मी भोंगा पिशवीत ठेवला. मग म्हणाले, सुनेचे वडील म्हणतो. मी पिशवी उचलली. आत मुलगी तोंडावर पदर धरून हसत होती, ते मला ऐकू येत होतं. मी पोर्चपर्यंत पोहोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, “बरं, व्याही म्हणतो. बसा.” बसल्यावर मी आणखी एक वाक्य वाढवून घेतलं: भोंगा यांनी शोधला आणि यांनीच दुरुस्त केला. माणूस दरवाजातून परत बोलावतो तेव्हा भाव वाढतोच.

मेळाव्यात त्यांनी भोंगा वाजवला आणि सगळी गर्दी त्यांच्या गाडीभोवती जमली. कुठून मिळाला, असं कोणी तरी विचारलं. व्याह्यांनी हळू आवाजात, घाईघाईनं ठरलेली दोन वाक्यं हिंदीत म्हणून टाकली. मी म्हणालो, भोंग्यामुळं लोकांना ऐकू आलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “ये हमारे समधी साहब हैं. भोंपू इन्होंने ढूँढा, इन्होंने ही ठीक किया. और दिमाग थोड़ा गरम है, संभल के बात करना.”

समधी म्हणजे व्याहीच. शेवटचं वाक्य मात्र सौद्यात नव्हतं. पण हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून सोडून दिलं.