कोरा फिल्टर

आमच्या हिच्या मावसभावाइतका संशयी माणूस अख्ख्या इंग्लंडात नसेल. असलाच तर ह्याने त्याच्यावरही संशय घेतला असेल. हवेतली धूळ पांढऱ्या फिल्टरवर धरायची आणि तिच्यात शिसं किती, जस्त किती ते मोजायचं, हा त्याचा बर्मिंगहॅममधला पोटापाण्याचा उद्योग. मोजायचं असतं इतकं थोडं, की दुसऱ्याच्या अंगावरचा कणही ह्याचा सगळा हिशोब बिघडवतो. आमच्या गणपतीत तो आरतीला खिडकीबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो, कारण आत उदबत्ती. पावडर लावलेलं बाळ त्याने आजवर उचललेलं नाही. मी हौसेने त्याची लॅब बघायला गेलो तर दारातच विचारलं, "तुला कोंडा झालाय का?" झाला होता. "मग शॅम्पूत जस्त असणार. बाहेरूनच बघ." मी पाऊण तास काचेतून मेव्हण्याची पाठ पाहिली.

गेल्या हिवाळ्यात त्याने एका शाळेच्या फाटकाशी यंत्र लावलं होतं. त्या रस्त्यावरून लॉऱ्या बंद कराव्यात म्हणून मुलांच्या आया कौन्सिलशी भांडत होत्या, आणि सगळं ह्याच्या आकड्यांवर अडलं होतं. दर खेपेला तो एक कोरा फिल्टरही डबीतून न्यायचा आणि न वापरता परत आणायचा. तो कोराच निघाला पाहिजे, नाहीतर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवणार? मार्चमध्ये सगळे तपासले, तर कोऱ्यांतही शिसं.

आधी सफाईवाल्यावर संशय, मग बसच्या सीटवर, मग माझ्यावर. माझ्या जॅकेटला चिकटपट्टी लावून धूळसुद्धा काढून नेली. शेवटी त्याने स्वतःची बॅग उलटी केली. फिल्टरच्या डब्यांच्या कप्प्यात एक सैल पुडी निघाली, गावच्या देवीचा अंगारा आणि शिसं असलेलं कुंकू. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या मावशी, म्हणजे त्याची आई, दर सोमवारी गुपचूप ताजी पुडी ठेवत होत्या, पोराच्या कामाला यश यावं म्हणून.

त्याने कौन्सिलला स्वतःच कळवलं की चूक माझ्या बॅगेतली आहे, सगळ्या विंटरचे आकडे रद्द धरा. त्या आयांनाही जाऊन सांगितलं. लॉऱ्या चालूच राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मावशींचा रागही आला.

त्या रात्री जेवताना मावशींनीच विचारलं, "कामाला यश आलं का रे?"

मी ताटात बघत बसलो.

"आलं, आई," तो म्हणाला, आणि त्याने आणखी भात मागितला.

यंदा त्याने पुन्हा यंत्र लावलंय. मावशी गावी आहेत. परवा त्याचा फोन आला, पहिला कोरा फिल्टर अगदी स्वच्छ निघाला म्हणून. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "आज सोमवार रे. बॅगेत पुडी नाही."