आजोबांना सांगायचं नाही

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस चला, असं म्हणून मी वडिलांना पाचोडहून गाडीत बसवलं. ऑपरेशन खरं होतं, आठ दिवस खोटे होते. आई गेल्यापासून ते गावात एकटेच राहत. चहा करताना त्यांनी हात भाजून घेतला तेव्हा मी आणि बायकोनं ठरवून टाकलं, आता त्यांना शहरात, आमच्या पुंडलिकनगरच्या घरीच ठेवून घ्यायचं, कायमचं. पोरांची खोली रिकामी करायची होती, म्हणून पोरांना सांगणं भाग होतं. "आजोबांजवळ यातलं काही बोलायचं नाही," अशी ताकीद मी दिली होती. माझ्या ताकिदीत आवाज फार, जरब कमी.

गाव मागं पडलं नाही तोच पाच वर्षांची मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला काही सांगणार नाहीये."

"बरं. कशाबद्दल?"

"ते पण सांगणार नाहीये."

आठ वर्षांच्या मुलानं तिला कोपर मारलं. बायको घाईघाईनं चिवड्याची पिशवी सोडू लागली. माझ्या शेजारी बसलेले वडील मात्र निवांत होते.

"बरं, माझी खाट कुठं टाकली?"

"खाट नाही, पलंग. नवीन," मुलगी म्हणाली. "माझं कपाट पण तुम्हाला दिलं. मी रडले नाही."

"आठ दिवसांसाठी कपाट?"

मुलाला खोटं बोलायचं नव्हतं आणि माझा ओरडाही खायचा नव्हता. थोडा विचार करून तो म्हणाला, "आठच दिवस, आजोबा. मग परत आठ. मग परत आठ. असं."

मला हसू फुटलं. वडील तर ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसून खिडकीबाहेर बघत बसले. वाटेतलं आडूळ गाव आलं.

"लेकरायला सांगितलंस," ते शेवटी म्हणाले. "मला इचारायचं राह्यलं व्हय रं?"

माझं डोकं तापलं. तुमच्याच भल्यासाठी, हात कुणी भाजून घेतला, सगळं जिभेवर आलं. पण दहावीनंतर याच माणसानं मला समोर बसवून 'तुला काय शिकायचंय?' असं विचारलं होतं. आमच्या आळीत तेव्हा पोरांना असं कुणी विचारत नसे. मला लाज वाटली. मी गाडी कडेला घेतली.

"अण्णा, राहता का आमच्याकडं? कायमचं?"

"नाय रं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मागून मुलगी चकित होऊन म्हणाली, "आजोबांनी नाही म्हटलेलं चालतं?"

"चालतं," मी म्हणालो, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मीच त्यांना पाचोडला सोडलं. बायको अजून म्हणते, चुकलंच तुमचं. असेल. त्यांच्या दारासमोरून गाडी वळवताना ते उंबऱ्यात एकटेच उभे दिसत होते, तरी मी ती वळवली.