दिनकरकाकांची रिकामी कंबर

आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि कोणाचं काय बिनसलंय ते मागच्या अंगणाच्या कुंपणावरून. त्यामुळे शेजारच्या अंबरीशचे वडील कराडहून आले आणि त्यांचा उजवा हात सारखा कमरेकडे जाताना दिसला, तेव्हा मी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे.

"काका, खरूज झालीय का? मलम देऊ?"

"मालिनीबाई, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना, तसं आहे हे."

दिनकरकाका म्हणजे कराडच्या एका सराफी पेढीचे राखणदार. उभी नोकरी सोन्याच्या पेट्यांशेजारी गाडीत बसून गेली, आणि बुशशर्टाखाली परवान्याचं रिव्हॉल्व्हर. निवृत्तीनंतरही ते जवळ होतंच. परदेशी निघताना नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करून आले. हत्यार तिकडे राहिलं, सवय तेवढी विमानात बसून आली.

आले ते दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, नातीला बघायला. त्यांच्या बायकोचा, शोभाकाकूंचा पासपोर्ट अजून हातात पडला नव्हता; त्या मागून येणार होत्या. मार्चात सगळं जगच बंद झालं. काका इथे, काकू कराडच्या टोकाच्या वसाहतीतल्या घरात एकट्या. पुढे खास विमानं सुटू लागली, पण काकांच्या हृदयात स्टेंट, म्हणून अंबरीश त्यांना सोडेना. व्हिसाची मुदत मात्र वाढत राहिली.

मग आमची करमणूक काय, तर दीड मीटर अंतर राखून कुंपणावरच्या गप्पा. मी माझ्या नवऱ्यासाठी पिस्तूल निवडायला सांगायचे आणि काका ते मनावर घ्यायचे.

"हरिहररावांना छोटंच बरं. लांब नळीचं घेतलं तर बसताना पोटात टोचेल."

"त्यांच्या पोटाखाली तोफसुद्धा लपेल हो!"

"हसू नका. आधी कापड बघायचं, मग हत्यार. वाकून दुधाचा डबा उचलला तरी शर्टावर फुगवटा दिसता कामा नये. आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारायचं, वेळ आली तर चाप ओढवेल का? नसेल ओढवत तर शिट्टी घ्या."

"तुम्ही किती जणांवर ओढलात?"

"एकावरही नाही. सरावापुरतंच. न ओढता घरी यायचं, तेच तर काम."

इथल्या डच कायद्याने हत्यार अंगावर बाळगता येत नाही, नेमबाजीच्या क्लबातलेसुद्धा पेटीत कुलूप लावून नेतात, मिरचीचा फवारासुद्धा चालत नाही, असं अंबरीशने सांगितलं तेव्हा काका खरोखर हळहळले. "एवढे जाडजूड कोट घालतात आणि आत लपवायला काही नाही!" समोरच्या घरांच्या बिनपडद्याच्या मोठ्या काचा बघून तर त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "आतला टीव्ही, माणसं, ताटातली भाजी, सगळं रस्त्यावर मांडलंय. राखणार कोण?"

पण हे हसणं वरवरचं. खरा घोर काकूंचा होता. उन्हाळ्यात काकांच्या फोनवर कुठूनशी बातमी आली की तपासणीच्या नावाखाली तोंड झाकलेले चोर घरात शिरतात. खरी-खोटी देव जाणे. त्या दिवसापासून काकूंच्या नावाने परवाना काढायचा, असा ध्यास त्यांनी घेतला. अंबरीशचा टॅब मांडीवर घेऊन अंगणात बसायचे आणि माझ्यादेखत व्हिडिओवर काकूंशी मसलत करायचे.

"शोभे, पिस्तूल नको. त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढायला जोर लागतो, तुझ्या अंगठ्यात संधिवात. रिव्हॉल्व्हरच बरं. हलकं बघतोय, पण हलकं म्हणजे गोळी सुटताना झटका जास्त…"

"अहो, मला लाटणं धरवत नाही. आणि कोंबू कुठे ते? ब्लाउजात?"

"पदराखाली. कमरेला पट्टा लावून."

"मालिनी, तू आहेस ना गं तिथे? यांना जरा चहा दे. डोकं तापलंय."

त्यांच्या अंगठ्याला झेपेल असं काही सापडलं नाही. मग हत्याराऐवजी काकांनी फोनवरून सांगून तिकडच्या दाराला कड्या वाढवल्या. वरची कडी, खालची कडी, आणि त्यावर आडवा लोखंडी अडसर. "तोंड झाकलेल्याला दार उघडायचं नाही. कोण का असेना. मला वचन दे."

"आता सगळ्यांचंच तोंड झाकलेलं आहे," काकू म्हणाल्या. पण वचन दिलं.

सप्टेंबरात कराडात साथ भडकली. घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासणाऱ्या बाया काकूंच्या दारातही आल्या. काकूंनी खिडकीतूनच सांगितलं, सगळं ठीक आहे. दुपारच्या फोनवर नवऱ्याला ते कौतुकाने ऐकवलं, आणि काका खूश झाले. "बघा मालिनीबाई, तालीम कशी दिलीय!" काकूंचा आवाज मला बसलेला वाटला. "ओरडून बोलले ना खिडकीतून," त्या म्हणाल्या आणि विषय बदलला.

दोन दिवस फोन उचलला गेला नाही. काकांनी कराडच्या शेजाऱ्याला, संजीवला पाठवलं. त्याने दार वाजवलं, हाका मारल्या. आतून काकूंचा क्षीण आवाज आला, "उठवत नाही रे." पलंगापासून दारापर्यंत त्यांना येता आलं नाही. खिडक्यांनाही गज. लोहार मिळून दार तोडेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या अडसरानेच सगळ्यात जास्त वेळ घेतला, असं संजीवने फोनवर सांगितलं. बिचाऱ्याने सरळ मनाने सांगितलं. रुग्णवाहिकेत काकू होत्या. रुग्णालयात पोचल्या तेव्हा नव्हत्या.

काका रडले नाहीत. पाचव्या दिवशी अंबरीशला एवढंच म्हणाले, "अडसर मीच बसवायला लावला होता."

"बाबा, तुम्ही तिच्या भल्यासाठीच…"

"ते आता तिला सांग."

दुसऱ्या दिवशी मी वरणाचं भांडं घेऊन गेले. उंबऱ्याशी ठेवून घंटी वाजवून मागे सरकायचं, असा तेव्हाचा शिरस्ता. पण घंटी वाजवायची वेळच आली नाही. दार सताड उघडं होतं. थंड वारा सरळ आत जात होता आणि काका समोरच खुर्ची टाकून बसले होते, हात मांडीवर.

"काका, हीटिंग काय गल्लीला देताय?" सवयीने मी बोलून गेले.

"असू दे. कोणी येईल. वाजवून वाजवून परत जायला नको."

अंबरीश कामाच्या मिटिंगमधून उठून दार लावायचा. तो वर गेला की ते पुन्हा उघडं. नोव्हेंबर उजाडला तरी तसंच. कराडच्या ठाण्यातून हत्याराबद्दल विचारणा झाली. काका म्हणाले, "मला नको म्हणून सांग. परत देऊ नका." हात कमरेकडे जायचा थांबला होता. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मी रोज जाते. एकदा त्यांना गारठा लागेल म्हणून आत गेल्यावर मीच दार लोटून घेतलं, तर काका त्या दाराकडेच बघत राहिले. मी भांडं ठेवलं, परत फिरले, आणि जाताना दार होतं तसं उघडं करून ठेवलं.