होयबाची सवलतीची यादी

कॉलेजात त्याला सगळे होयबा म्हणत. ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्याच्या तोंडातून निघे, “बघतो हं.” बघतो म्हणजे करतो, हे एव्हाना शिपायालाही पाठ झालं होतं.

सहा वर्षं तो तिथलं कॉम्प्युटरचं जाळं सांभाळत होता, तेही हंगामी. अखेर एका गुरुवारी प्राचार्यबाईंनी बोलावलं. “कामाच्या वेळात सिनेमे, खरेदी, पत्ते, सगळं बंद झालं पाहिजे. सोमवारी मी स्वतः बघणार. जमलं, तर कायम नोकरीच्या पत्रावर तिथल्या तिथे सही.”

घरी वहिनीने हे ऐकलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवून आधी हात जोडले. मग म्हणाली, “भावोजी, देव द्यायला बसलाय. तुम्ही तेवढं मध्ये कुणाला ‘बघतो’ म्हणू नका.”

कॉलेजच्या इंटरनेटच्या दारात फायरवॉल पहाऱ्याला बसलेली असते. ती नियम वरून खाली वाचते. जो आधी लागू पडेल तो खरा. होयबाने करमणूक बंदीचा नियम घातला आणि त्याच्या वर सवलतीची एक यादी केली. चाचणीपुरती. त्यात एकच कॉम्प्युटर, त्याचा स्वतःचा.

शुक्रवारी ग्रंथपाल दबकत आले. “अरे, पडदे बघायचेत घरासाठी. फक्त मला. कुणाला बोलू नकोस.”

“बघतो हं.”

गणिताचे सर म्हणाले, बुद्धिबळ हा काही खेळ नव्हे, तो मेंदूचा व्यायाम. प्रयोगशाळेच्या बाईंची मालिका ऐन रंगात आली होती. “नायिकेची आठवण परत येते का, तेवढं कळू दे रे बाबा!” संध्याकाळी तर खुद्द प्राचार्यबाईंचा फोन. “माझ्याकडे मात्र विणकामाचे व्हिडिओ चालू ठेवा. डोकं शांत राहतं.”

सोमवारी बाई पत्र घेऊनच स्टाफरूममध्ये आल्या. सगळे आपापल्या कॉम्प्युटरसमोर सावरून बसले. पहिल्यावर पत्ते वाटून तयार. दुसऱ्यावर पडद्यांचा सेल. तिसऱ्यावर नायिका ढसाढसा रडत होती.

“हे बंद आहे?”

“बंद आहे, बाई.”

“मग ही कोण रडतेय?”

गणिताचे सर ग्रंथपालांकडे वळले. “म्हणजे तुम्हालासुद्धा?”

“मला वाटलं, फक्त मलाच!”

बाईंनी यादी मागितली. बेचाळीस कॉम्प्युटर, त्यांतल्या एक्केचाळिसांना सवलत.

“आणि उरलेला?”

“तो बिघडलाय.”

बाई यादी मोठ्याने वाचू लागल्या आणि मधेच एका ओळीवर ठसका लागल्यासारख्या थांबल्या. “पुसा. सगळी पुसा.”

होयबाने यादी पुसली. पत्ते गेले, पडदे गेले, नायिका हुंदक्यासकट गेली. बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं, पेन उघडलं आणि वाकून हळूच म्हणाल्या, “माझा तेवढा उद्या परत घाला.”

पेन कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. सहा वर्षं त्या बोटभर जागेत अडकली होती.

“बघ...” त्याने शब्द अर्ध्यावरच तोडला. “नाही, बाई. तुमचा एक आत घेतला, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवू?”

बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि सही ठोकली; कागद फाटतो की काय, इतकी दाबून.

“घ्या. आणि आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर येऊ नका.”