ठोकळेवाला माणूस

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी माझी बदली हुबळीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. हुद्दा हवालदार क्लार्क. वडील हुबळीच्या बाजारात पोती उचलत. धारवाडच्या कॉलेजातून बी.ए. झालो तो दोन शिक्षकांच्या मदतीने. फौजेने खुर्ची आणि टाइपरायटर दिला, त्याचे मला फार अप्रूप होते.

कंपनीकडे तीन प्रकारचे पिकअप ट्रक होते. पहिला लांब नाकाचा: सरळ रस्त्यावर शांत, वळणावर आडमुठा. दुसरा चारही चाकांना जोर असलेला: चिखलातून सहज निघे, पण वळायला शेतभर जागा मागे. तिसरा बसक्या नाकाचा: इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला चिकटलेले, आत भट्टी, पण जागच्या जागी फिरे. कारवारकडे उतरणाऱ्या घाटात कोणता वापरायचा, हे ठरवायचे होते.

रायापूरच्या माळावर सकाळी साडेसातला चाचणी सुरू झाली. बाहेरच्या चाकाला चुना लावायचा, गाडी पूर्ण वळवायची, जमिनीवर उमटलेले वर्तुळ दोरीने मोजायचे. गाड्या नाईक लक्ष्मण गावडे चालवत होता. हा अळणावरजवळच्या खेड्यातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कंपनीतला सर्वांत जुना ड्रायव्हर. हुद्द्याने मी वर, पण मी त्याला अण्णाच म्हणे.

बसक्या नाकाची गाडी सर्वांत लहान वर्तुळात वळली. मी आकडा लिहिला. लक्ष्मणअण्णा खाली उतरला.

"बी.ए. मास्तर, रिकामी गाडी नव्या सुनेसारखी री. सांगाल तिकडं वळते. भरली की सासू होते."

"म्हणजे?"

"पोती घाला आणि उतारावर बघा. स्टिअरिंग दगडासारखं होतंय. नाक बाहेर पळतंय."

"फॉर्मवर त्याला कॉलम नाही, अण्णा."

"मग कॉलमलाच घाटात पाठवा."

सगळे हसले. मीही हसलो.

घाटात प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी एक माणूस असे. अवघड वळणावर गाडी एकदम वळली नाही, तर ती मागे घ्यावी लागे. ब्रेक सोडून क्लच धरेपर्यंत भरलेली गाडी पुढे दरीकडे सरकते. म्हणून तो माणूस आधी उतरून पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावी. एवढेच त्याचे काम.

दुपारी कॅप्टनसाहेबांनी रिपोर्ट वाचला. माणसे कमी पडत होती.

"कुठं वाचवता येतील?" त्यांनी विचारले.

कोणी मला मत विचारावे, असे तोवर घडले नव्हते. मी म्हणालो, "सर, ही गाडी एका दमात वळते. मागे घ्यावी लागत नाही. हिच्यावर दुसरा माणूस नको."

"गुड. कॉलेजात गेला आहेस, दिसतंय. पुट इट इन."

मी ते वाक्य रिपोर्टात घातले. गाड्या रिकाम्या होत्या, हे घातले नाही. सहा दिवसांनी ऑर्डर निघाली: बसक्या नाकाच्या गाडीवर एकच माणूस.

त्यानंतर घाटात निघालेल्या पहिल्या कॉन्व्हॉयमध्ये आठ गाड्या होत्या. सिमेंट भरले होते. मी शेवटच्या गाडीत होतो. लक्ष्मणअण्णा माझ्या पुढे, बसक्या नाकाच्या गाडीत, केबिनमध्ये एकटा. निघताना त्याने शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून मला विचारले, "मास्तर, इथं कोण बसणार? कॉलम?"

मी म्हणालो, "ऑर्डर आहे, अण्णा."

"होय री. ऑर्डर आहे."

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो घाटातल्या तिसऱ्या वळणावर आला. गाडीचे नाक बाहेर गेले. त्याने ती कडेपासून हातभर अंतरावर थांबवली आणि मागे बघून ओरडला, "ठोकळा!"

मी आमच्या गाडीतला ठोकळा घेऊन उडी टाकली आणि पळालो. आमच्यात चाळीस पावले असतील. ब्रेक धरत नव्हता. गाडी इंचाइंचाने पुढे जात होती. त्याने क्लच सोडला, इंजिन एकदा गुरगुरले आणि बंद पडले. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर फक्त चाकांच्या खुणा होत्या. दोन वाजता त्याला वर आणले.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. मला एकच प्रश्न विचारला गेला.

"ही गाडी चाचणीत एका दमात वळली होती?"

"येस, सर."

कॅप्टनसाहेब माझ्याकडे बघत होते. मी पुढे काही बोललो नाही. निकाल निघाला: ड्रायव्हरची चूक. तो मीच टाइप केला. पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली.

लक्ष्मणअण्णाचा धाकटा भाऊ अळणावरहून फौजेचे निकालाचे पत्र घेऊन आला. शेतमजूर, वाचता येत नव्हते. त्याने ते कोणाकडून तरी वाचून घेतले होते.

"साहेब, आमच्या अण्णाला गाडी येत नव्हती?"

"येत होती."

"मग असं का लिहिलंय? गावात लोक हसतायत."

"वरून आलं आहे," मी म्हणालो.

तो पत्राची घडी घालून निघून गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

फौज सोडल्यावर तो निकाल बदलावा म्हणून मी दोनदा अर्ज केला. प्रकरण बंद झाल्याचे उत्तर आले. कंपनीच्या स्मारकाच्या पाटीवर लक्ष्मणअण्णाचे नाव नाही. तिथे लढाईत मेलेल्यांचीच नावे आहेत.

म्हणून इथे लिहितो. नाईक लक्ष्मण गावडे, ड्रायव्हर, ड्यूटीवर मृत्यू. गाडी त्याला येत होती. तिच्यात काय कमी आहे, ते त्याने रायापूरच्या माळावर सांगितले होते. मी ऐकले होते.